अलमेलूच्या बांधावरचा साग

तंजावर, मेल वीथी
८ फेब्रुवारी १९९९

प्रिय गिरीश,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. घरी आलं असतं तर तू ते चहाबरोबर वाचलं असतंस आणि चहा संपेपर्यंत विसरलाही असतास. ऑफिसात निदान काही कामाचं असेल म्हणून नीट उघडशील. नेहमीचं आंतर्देशीय नाही, चांगलं जाड पाकीट आहे, तेव्हा अक्काला आज बरंच बोलायचंय हे तुझ्या लक्षात आलं असेलच. या घरात बालबोध लिपी आप्पांना आणि मला सोडून कुणाला येत नाही, आणि आप्पांना आता समोर धरलेला हातही धड दिसत नाही. हे पत्र मी उघडं टाकून शाळेत गेले तरी कुणाला एक अक्षर कळायचं नाही. आपल्या भाषेचा एवढा एक फायदा इथे अजून शिल्लक आहे.

पोंगल झाला. कविताची आणि तुझ्या लेकीची, हरिताची आठवण काढली. सांबा भाताची कापणी उरकली, पापनाशमच्या आपल्या शेतावरची सगळ्यांत शेवटी झाली, कारण अलमेलू या वर्षी मुद्दामच हळूहळू कापत होती. का, ते तुला ठाऊक नसेल. येत्या गुरुवारी तिच्या अपिलाची तारीख आहे. अपील फेटाळलं की ते दीड एकर तिचं राहणार नाही. नवरा गेल्यापासून, म्हणजे एकोणीस वर्षं, ती ते कसते आहे, दर कापणीला आपला वाटा बैलगाडीने, पुढे बसने, न चुकता या घरी आलेला आहे. कागद मात्र एकही नाही. मिरासदार आणि कूळ यांच्यात कागद कशाला, असं म्हणणारे आप्पाच होते. तेच आप्पा आता कोर्टात सांगतात की ती कूळ नव्हेच, आपल्याकडे मजुरीवर येणारी बाई आहे. आणि हे सगळं तुझ्या एकवीस झाडांवरून. पाहा, मीही चुकून 'तुझ्या' लिहून गेले. खोडत नाही, राहू दे तसंच.

आठवतात का रे तुला ते ऐप्पसीचे, पावसाचे दिवस? एक्क्याण्णव साल. तू तुझ्या संस्थेतर्फे वीस दिवसांसाठी आला होतास, बरोबर ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या बोटाएवढ्या काड्या. सागाचे स्टंप. चावडीपुढे सगळ्या लहान शेतकऱ्यांना बसवून तू भाषण ठोकलंस की नुसत्या भातावर जगायचे दिवस गेले, कावेरीचं पाणी काही आता भरवशाचं नाही, सरकार हात काढून घेतंय, बाजार मोकळा होतोय, तेव्हा बांधावर साग लावा, वीस वर्षांनी मुलीचं लग्न त्या झाडांवर होईल. बोलणं तुला कधी कमी पडलंच नाही. अलमेलूनं एक काडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाली, चिन्नय्या, धाकटे मालक, ही तर कांज कुच्ची, वाळकी काडी, चुलीत घालायच्या लायकीची, हिला पानं फुटणार? सगळे हसले. तूही हसलास. मग तिनं हळूच खरा प्रश्न विचारला, आणि तो तू हसण्यावारी नेलास. ती म्हणाली, आम्ही कुळं, आम्हांला झाड लावू देतील का?

तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. आजोबांपासूनचं वाक्य आहे या घरातलं, कुळानं केळ लावावी, झाड लावूं नये. केळ हंगामाबरोबर जाते. झाड राहतं, आणि झाड राहिलं की ते लावणाराही राहतो. या मुलखातला कुठलाही मिरासदार कुळाच्या परसातल्या शेवग्याकडेसुद्धा संशयानं बघतो. तू शेतकी शिकलास कोइंबतूरला, पण हे तर त्याच्या कितीतरी आधी ताटाभोवती बसून ऐकलेलं होतंस. तरी तू तिला म्हणालास, मी आहे ना. ती तेवढ्यावर थांबली नाही, शहाणी बाई. शनिवारी बसने इथे आली, मागच्या दारी मला गाठलं आणि विचारलं, टीचरम्मा, लावू का? मी म्हटलं, गिरीश सांगतोय ना, मग लाव. चटणी वाटता वाटता म्हटलं. हात धुवून, बसून, विचार करून सांगावं एवढाही वेळ मी तिला दिला नाही.

लावणं म्हणजे काय ते तू पाहिलंसच नाहीस, तू तोवर पुढच्या गावाला भाषण द्यायला गेला होतास. आपल्याकडे दर हंगामाला बांध दोन्ही बाजूंनी कुदळीनं तासतात, चिखलानं लिंपतात, खेकड्यांची बिळं बुजवतात. तासलेल्या बांधावर झाड कसं जगायचं? म्हणून तिनं आतल्या बाजूनं बांध हातभर रुंद केला. म्हणजे चारी अंगांनी भाताच्या दोन-दोन ओळी सोडून दिल्या. पहार घेऊन तीस भोकं पाडली, एकटीनं. उन्हाळ्यात कालवा आटला की तळातल्या डबक्यातून घागरी भरून आणल्या. तीसपैकी एकवीस जगली. चौथ्या वर्षापासून सागाची ती सुपाएवढी पानं रोपांवर पडून रोपं कुजायला लागली, तेव्हा रोज पहाटे वेचायची. खालच्या फांद्या तीच छाटत आली. प्रत्येक खोडावर त्या छाटणीच्या गाठी आहेत, खालपासून वरपर्यंत, एकाही खोडाला चीर गेलेली नाही. सात वर्षं दोन ओळी भात कमी घेऊन तिनं आपला वाटा मात्र पूर्ण घातला. दोन ओळी तिच्या पोटातून गेल्या, आपल्या कोठीतून नाही.

तिचं पाहून बाकीच्यांनी लावले. पलीकडच्या कुळानं, मणीनं लावले, त्याच्या शेजारच्यांनी लावले, ज्यांची स्वतःची जमीन होती त्यांनी आणि ज्यांची नव्हती त्यांनीही. एक विधवा बाई करते तर आपण का नको, असं झालं गावात. तुझ्या अहवालात ते सगळं आलं म्हणे, शंभरातल्या ऐंशी शेतकऱ्यांनी नवी पद्धत स्वीकारली. तो अहवाल तुला मोठ्या खुर्चीवर घेऊन गेला, कविताच्या माहेरच्यांनाही जावई पसंत पडला. मला आनंदच झाला होता, खोटं नाही बोलत. फक्त त्या ऐंशीमध्ये कूळ किती आणि मालक किती, हा रकाना तुझ्या कागदावर नव्हता. तू विचारलंच नव्हतंस. जो बांधावर उभा दिसला तो शेतकरी, झालं.

आणि मग तुझं ते आप्पांना आलेलं पत्र. डिसेंबरात आलं, सहा पानी. आप्पांची नजर तेव्हा शाबूत होती. अंगणात खुर्ची टाकून त्यांनी ते दोनदा वाचलं, मग मला बोलावून मोठ्यांदा वाचून दाखवलं. "मी स्वतः पहार घेऊन तीस खड्डे पाडले, तळहाताला फोड आले, मी लावलेली झाडं आपल्या नातवंडांच्या कामी येतील, पाणी घालायला अलमेलूला मजुरीवर लावून दिली आहे." आप्पा गुडघ्यांमुळे शेतावर जात नव्हते, त्यांना काय ठाऊक? सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेला आपला बाप, त्याला केवढा अभिमान की पोरानं हातात पहार धरली. ते पत्र त्यांनी देवाच्या कपाटात, पोथ्यांखाली ठेवलं. तू म्हणशील, आप्पांनी कुळाला अडवू नये म्हणून मी तसं लिहिलं. असेल, रुपयातले चार आणे तसंही असेल. पण फोड कशाला लिहिलेस रे? फोड तर तिच्या हाताला आले होते. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, त्या नागोबालासुद्धा बीळ मीच खणलं असं सांगत फिरायची सवय नसते.

चौऱ्याण्णवनंतर आप्पांचे डोळे गेले तसे गेलेच. तेव्हापासून तुझी पत्रं मी वाचून दाखवते. आता तुला एक गोष्ट सांगते, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. तू चार ओळी लिहितोस आणि मी आठ वाचते. "तब्येतीस जपावे" एवढंच तू लिहिलेलं असतं. मी वाचते, आप्पा, तुमच्या गुडघ्यांची फार काळजी वाटते, हरिता रोज तुमचा फोटो बघते, तुमच्या हातचा सांबार भात आठवतो. तुझ्या आवाजात वाचते, मध्येच तू थांबतोस तशी थांबते. आप्पा मान डोलावतात. एखाद्या महिन्यात तुझं पत्रच येत नाही, तेव्हा जुनंच पत्र हातात धरून नवं वाचते. पाच वर्षं हे चाललंय. शाळेत कुणी पोरीनं असं केलं तर मी तिला बाकावर उभं करीन.

एवढी मुरलेली खोटारडी मी, आणि कोर्टात काय केलं ते ऐक. सत्त्याण्णवात मद्रासचा, आता चेन्नई म्हणायचं, एक माणूस आला. त्याला सागाची बाग करायची होती, शहरातल्या लोकांना झाडं विकायला. मोकळ्या जमिनीपेक्षा त्याला आपले दीड एकर हवे होते, कारण तिथे साग आधीच उभा होता आणि गिऱ्हाइकाला नेऊन दाखवता आला असता. झाडांनी जमिनीचा भाव वाढवला, हे मात्र तुझ्या भाषणात होतं तसंच झालं. कूळ नसेल तरच घेईन, एवढीच त्याची अट. आप्पांचे वकील गुरुमूर्ती म्हणाले, कागद नाही हीच आपली बाजू, घरच्यांनी शेती केल्याचा काही पुरावा आहे का? आप्पांनी मला देवाचं कपाट उघडायला सांगितलं. त्यांनी खोटं सांगितलं नाही, गिरीश. त्यांना खरंच वाटतं की ती झाडं तू लावलीस.

कोर्टात ते पत्र कुणालाच वाचता येईना. साहेबांनी विचारलं, हे कोण वाचून तमिळमध्ये सांगेल? गुरुमूर्तींनी माझ्याकडे बोट केलं. अलमेलूचा वकील तरुण होता, तो उठून म्हणाला की ही तर वादीची मुलगी, आमची हरकत आहे. तेव्हा मागून अलमेलू बोलली. उठून उभी राहिली आणि म्हणाली, टीचरम्माच वाचू देत, त्या खोटं वाचायच्या नाहीत. तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी वाचलं. एक-एक वाक्य वाचून तमिळ सांगत गेले, शेजारी टाइपरायटर चालू होता. पहारीपाशी आले, फोडांपाशी आले, मजुरीपाशी आले. एक शब्द गाळला असता तर त्या अख्ख्या कोर्टात कुणाला कळलं नसतं. आप्पांसाठी दर महिन्याला चार ओळी पदरच्या घालणारी मी, त्या बाईसाठी मला एक ओळ गाळता आली नाही. बाप समोर बसला होता, कान टवकारून, मुलाचं कौतुक ऐकत. मजुरी म्हणजे मी कूलि म्हटलं, स्पष्ट, शुद्ध उच्चारात. निकाल आपल्या बाजूनं लागला. बाहेर व्हरांड्यात अलमेलू मला ओलांडून जाताना थांबली. मला वाटलं, शिव्या घालील, तर बरं होईल. ती म्हणाली, छान वाचलंत, शाळेत वाचता तसं. आणि बस पकडायला गेली.

त्या निकालानंतरचे आठ दिवस तुझ्या कुठल्याही अहवालात येणार नाहीत, म्हणून मीच कळवते. गावातल्या मिरासदारांना कळलं की झाडावरून खटला उभा राहतो, आणि कुळांना कळलं की झाडावरून जमीन जाते. एकाला कुळाची भीती, दुसऱ्याला मिरासदाराची. नऊ कुळांनी आपापल्या बांधावरचे साग आपल्याच हातांनी तोडले. मणीनं तर मुळं जाळली, पुन्हा फुटू नयेत म्हणून, आणि बांध पूर्वीसारखा अरुंद तासून घेतला. सहा वर्षांची झाडं, मांडीएवढी. वाशालाही धड नाहीत, सरपण झालं. आता गावात साग आहे तो ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांच्या बांधावर, आणि अलमेलूच्या. तिनं तोडले नाहीत. अपील केलं, मनाई मिळवली, आणि पानं वेचत राहिली. तू मागच्या मे महिन्यात आलास तेव्हा त्या झाडांखाली उभं राहून कविताकडून फोटो काढून घेतलास. अलमेलू कालव्याच्या कडेला उभी होती. तू हात केलास. तिनंही केला, तिची रीत आहे ती. खटल्याचं मी तुला तेव्हा सांगत होते तर तू म्हणालास, कोर्टकचेरीचं आप्पा बघतील, मला त्यात ओढू नका.

ओढलेलाच आहेस तू. आता पेटीतली गोष्ट सांगते. आप्पांना ते सहा पानी पत्र आलं त्याच आठवड्यात माझ्या शाळेच्या पत्त्यावर तुझं दुसरं पत्र आलं होतं. तू विसरला असशील, मी नाही. "अक्का, खरं सांगायचं तर मी एकही खड्डा पाडला नाही. सगळं त्या अलमेलूनं केलं, वर एक पैसा घेतला नाही, म्हणाली कूळ आहे मी, मजूर नाही. मी फक्त फोटो काढले. आप्पांना मी लावली म्हणून लिहिलंय. म्हातारा खूश होऊ दे, त्यांना तेवढंच पुरतं. हे वाचून फाडून टाक." मी फाडलं नाही. पेटीत, आईच्या रेशमी लुगड्याच्या घडीत ठेवलं. कोर्टात साहेबांसमोर तुझं पहिलं पत्र वाचत होते तेव्हा हे दुसरं इथे घरी पेटीत होतं, तरी मला तिथे टोचत होतं, पण तोंड उघडलं नाही. बापाचा अभिमान, भावाची नोकरी, घराची अब्रू, सगळी कारणं माझ्याकडे होती. अलमेलूकडे एकच कारण होतं, की टीचरम्मा खोटं वाचायच्या नाहीत.

काल सकाळी कॉफी झाल्यावर मी ते दुसरं पत्र आप्पांना वाचून दाखवलं. पहिल्यांदाच, जसंच्या तसं, म्हाताऱ्यासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "विशालाक्षी, यांत तुझें किती आणि त्याचें किती?" त्यांना ठाऊक होतं. पाच वर्षं ते माझ्या ओळी ऐकत होते आणि मान डोलावत होते. मी म्हटलं, आप्पा, या वेळी सगळं त्याचं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कालपासून माझ्याशी बोललेले नाहीत, जेवण मात्र घेतात. गुरुवारी मी अलमेलूच्या बाजूनं उभी राहणार आहे, दोन्ही पत्रं घेऊन, आणि दुसरंही तसंच वाचणार, शब्द न गाळता. अपिलाचं काय होईल ते मला माहीत नाही, उशीर फार झालाय. तुझ्या संस्थेतही हे पोहोचेल, तुला आधी कळावं हा एक भाग झाला. तुझी परवानगी मागत नाही. पण हे पत्र लिहायला बसले ते निराळ्या कारणासाठी. आज सकाळी पोस्टमन तुझं आंतर्देशीय टाकून गेला. आप्पांनी चाहूल ऐकली आणि उठून बसले. मी उघडून वाचलं, "आम्ही सर्व मजेत. तब्येतीस जपावे." आणि घडी घातली. ते वाट बघत राहिले. आता यापुढे असंच होणार आहे, गिरीश. बापाला जे काही सांगायचं असेल ते तू स्वतः लिही, पुरतं लिही. मी आहे तेवढंच वाचणार.

तुझीच,
अक्का